मेट्रो मालिका हातातल्या कन्सोलवर: आधी अंधार आणि आवाज, मग बंदूक

मेट्रो ही अणुयुद्धानंतरच्या मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत घडणारी गेम मालिका. ती हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरायच्या कन्सोलवर खेळणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. काही दिसतच नाही. नेम लागत नाही. गॅस मास्कचे फिल्टर संपले, आता पुढेही जाता येत नाही आणि मागेही. बॅटरी दीड तासात उतरली. बहुतेक जण यावर एकच उपाय करतात: ब्राइटनेस वाढवायचा, डिफिकल्टी कमी करायची आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडायच्या. मग ‘या गेममध्ये भीती कुठं आहे?’ असा प्रश्न पडतो.

दोष गेमचा नाही, तयारीच्या क्रमाचा आहे. या मालिकेत जवळजवळ सगळी माहिती अंधारातून आणि आवाजातून मिळते. शत्रूला आपण दिसतोय का, फिल्टर किती उरलाय, मागून काय येतंय, हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून येत नाही. छोट्या पडद्यावर ही माहिती सगळ्यात आधी हरवते. म्हणून खाली दिलेले टप्पे त्याच क्रमानं घ्या. तिसरा टप्पा पहिल्याच्या आधी केला तर तो पुन्हा करावा लागेल.

## १. यंत्र आणि गेमचा क्रम ठरवा

मुख्य गेम तीन: ‘मेट्रो २०३३’, ‘लास्ट लाइट’ आणि ‘एक्सोडस’. पहिल्या दोघांच्या ‘रेडक्स’, म्हणजे नंतर सुधारून काढलेल्या आवृत्त्या घ्या. खेळायचेही याच क्रमानं, कारण गोष्ट सलग आहे आणि एक्सोडसमधली काही माणसं आधीच्या दोन भागांतून येतात.

निन्टेन्डो स्विचसाठी रेडक्सचे दोनच भाग आले आहेत आणि ते सेकंदाला ३० फ्रेमवर (चित्रांवर) चालतात. तिन्ही भाग एकाच हँडहेल्डवर हवे असतील तर स्टीम डेकसारखं, संगणकावरचे गेम चालवणारं यंत्र लागेल. पुढची सेटिंगची माहिती मी डेक धरून लिहिली आहे. पडदा, आवाज आणि खेळण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच.

डेकवर एक्सोडस घेताना साधी आवृत्ती उतरवा. स्टीमच्या लायब्ररीत ‘एन्हान्स्ड एडिशन’ वेगळी दिसते. तिच्यातला सगळा उजेड रे ट्रेसिंगवर, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्यावर आधारलेला आहे आणि हातातल्या यंत्राला ते ओझं पेलत नाही. नाव भारदस्त वाटतं म्हणून लोक तीच उतरवतात, आणि अर्धा दिवस डाउनलोडमध्ये गेल्यावर गेम अडखळायला लागतो.

तपासा: एक्सोडसला रेडक्सच्या कितीतरी पट जागा लागते. उतरवण्याआधी कार्डावर जागा आहे का ते बघा. ‘टू कर्नल्स’ आणि ‘सॅम्स स्टोरी’ या जोडकथा मुख्य एक्सोडस संपल्याशिवाय उघडू नका.

## २. जागा, पडदा आणि आवाज

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून इथं थोडं थांबू.

जागा. खिडकीकडे पाठ करून बसू नका. मागचा उजेड पडद्यावर पडला की बोगद्याच्या जागी तुम्हाला तुमचाच चेहरा दिसेल. खोलीतला मोठा दिवा बंद करा आणि बाजूला एखादा मंद दिवा राहू द्या. अगदी मिट्ट काळोखही नको. त्यात डोळे लवकर शिणतात आणि बटणं चाचपडावी लागतात.

ब्राइटनेस आणि गॅमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राइटनेस यंत्राचा असतो. त्यानं अख्खा पडदा उजळतो, काळ्या आणि करड्या रंगांतला फरक तसाच राहतो. गॅमा गेमच्या सेटिंगमध्ये असतो आणि तो हा फरकच पुसून टाकतो. गॅमा वर नेला की अंधारा कोपरा आणि अर्धवट उजळलेला कोपरा सारखेच दिसू लागतात. मग लपायचं कुठं? शत्रू सावलीचे नियम पाळतच असतात, फक्त सावली तुम्हाला दिसेनाशी होते.

म्हणून आधी खोली अंधारी करा, मग यंत्राचा ब्राइटनेस वाढवा, आणि गॅमाला हात सगळ्यात शेवटी लावा, तोही एखाद-दुसऱ्या पायरीपुरता. एलसीडी डेकचा पडदा खोल काळा रंग दाखवू शकत नाही. तिथं काळं थोडं करडंच दिसणार, ते गॅमानं सुधारत नाही. ओएलईडी डेकवर काळं खरंच काळं दिसतं, त्यामुळे तिथं गॅमा मूळ जागीच ठेवा.

तपासा: बोगद्यात एखाद्या दिव्याजवळ उभे राहा. मनगटावरच्या घड्याळापाशी निळा दिवा लागेल. त्याचा अर्थ, तुम्ही दिसताय. तिथून अंधारात सरका, निळा दिवा विझेल. तो विझतो त्या जागी पडद्यावरही तुम्हाला उजेडाची कड संपल्यासारखी वाटली पाहिजे. दिवा विझला आणि डोळ्यांना काहीच फरक जाणवला नाही, तर गॅमा जास्त आहे.

आवाज. यंत्राच्या स्पीकरवर हा गेम खेळू नका. हेडफोन हवेत, आणि जमल्यास वायरचे. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण छताच्या पाइपातून खरवडण्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी मान वर करायची असेल तर कळतं. डेक आणि स्विच, दोन्हींवर साध्या हेडफोनचं भोक आहे.

संवाद रशियन भाषेत ठेवून खाली सबटायटल लावायचे, असा सल्ला बरेच जण देतात. मोठ्या पडद्यावर तो ठीक आहे. सात इंचांच्या पडद्यावर, पहिल्या खेळीत, मी तो देणार नाही. स्टेशनवरून चालताना चार बाजूंनी माणसं बोलत असतात आणि ते बोलणं ऐकणं हाच गेमचा अर्धा जीव आहे. बारीक अक्षरं वाचत बसलात तर स्टेशन बघायचं राहून जाईल. रशियन दुसऱ्या खेळीसाठी ठेवा.

## ३. फ्रेम आणि बॅटरी

हिशेब सोपा आहे. एलसीडी डेकची बॅटरी ४० वॉट-अवरची, ओएलईडीची ५० वॉट-अवरची. यंत्र एकूण २० वॉट ओढत असेल तर पहिल्यावर २ तास मिळतील आणि दुसऱ्यावर अडीच. म्हणजे प्रश्न एवढाच की वॉट कुठं वाचवायचे.

१. तीन ठिपक्यांचं बटण दाबून परफॉर्मन्सच्या पानावर जा. गेमपुरतं वेगळं प्रोफाइल आधी सुरू करा, नाहीतर इथली मर्यादा दुसऱ्या गेमलाही लागू होते.

२. रेडक्सचे दोन्ही भाग डेकला जड नाहीत. एलसीडीवर ६० फ्रेमची मर्यादा लावा. बॅटरी पुरवायची असेल तर ४० करा. ६० फ्रेमला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, ३० ला ३३.३ ची, ४० ला २५ ची. वेळेच्या हिशेबानं ४० बरोबर मधोमध येतं, म्हणून हाताला ते ३० पेक्षा खूपच हलकं लागतं.

३. एक्सोडसमध्ये हेअरवर्क्स, अॅडव्हान्स्ड फिजएक्स आणि रे ट्रेसिंग बंद करा. क्वालिटी लो किंवा मीडियम ठेवा. मोशन ब्लर कमीत कमी. छोट्या पडद्यावर धूसरपणामुळे हालचाल ओळखता येत नाही, आणि इथं तर हालचाल ओळखण्यावरच जीव अवलंबून असतो.

४. फ्रेम स्थिर झाली की मगच टीडीपीची (चिप किती वीज ओढू शकते त्याची) मर्यादा एकेक वॉटनं खाली आणा. फ्रेम डगमगली की एक वॉट वर जा आणि तिथंच थांबा.

सावधान: एक्सोडसचं सेटिंग सुरुवातीच्या मॉस्कोच्या बोगद्यांत ठरवू नका. तिथं सगळं सुरळीत चालतं. मग आगगाडी व्होल्गाकाठी पोचते, समोर मोकळं मैदान, पाणी आणि बर्फ येतं, आणि फ्रेम कोसळते. व्होल्गाला पोचल्यावर होडीत बसून एक फेरी मारा आणि तिथं जे टिकतं तेच कायम ठेवा.

एक्सोडसची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्तीही आहे. ती त्रास देत असेल तर गेमच्या गुणधर्मांत जाऊन प्रोटॉन, म्हणजे विंडोजची आवृत्ती लिनक्सवर चालवणारं साधन निवडता येतं. पण हा निर्णय पहिल्या दिवशीच घ्या. दोन्हींच्या सेव्ह यंत्रात वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. दहा तास खेळून झाल्यावर बदल केलात तर मेनूत नुसतं ‘नवा खेळ’ दिसायची वेळ येऊ शकते.

## ४. हातांची तयारी

छोट्या स्टिकनं नेम धरणं अवघड जातं, हे खरं. पण बरेच जण संवेदनशीलता वाढवून प्रश्न सोडवायला जातात आणि तो आणखी बिघडतो. उलट करा: आडवी आणि उभी संवेदनशीलता थोडी कमी करा, आणि बारीक नेमासाठी जायरो, म्हणजे यंत्र तिरकं केलं की नजर हलवणारा सेन्सर लावा.

डेकच्या स्टिकना स्पर्श कळतो. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जायरो ‘उजव्या स्टिकवर अंगठा असतानाच’ चालू होईल असं ठेवा. म्हणजे मोठं वळण स्टिकनं घ्यायचं, शेवटची बोटभर दुरुस्ती यंत्र किंचित तिरकं करून करायची, आणि अंगठा उचलला की नजर स्थिर. अंगठा उचलण्याची ही सवय आत्ताच लावून घ्या, सातव्या टप्प्यावर तीच वाचवणार आहे. जायरो माउससारखा लावल्यावर पडद्यावरच्या बटणांच्या खुणा सारख्या बदलत असतील, तर तो जॉयस्टिक म्हणून लावा. स्विचवर रेडक्सच्या सेटिंगमध्येच जायरो आहे.

डेकच्या मागची चार बटणं रिकामी सोडू नका. मास्क पुसणं, फिल्टर बदलणं, टॉर्च आणि तिचा चार्जर ही कामं तिथं टाका. घाबरल्यावर अंगठे स्टिक सोडायला तयार नसतात, मागची बोटं मात्र मोकळी असतात.

तपासा: स्टिकला हात न लावता दहा सेकंद पडद्याकडे बघा. दृश्य आपोआप सरकत असेल तर डेडझोन (स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजत नाही तो भाग) थोडा वाढवा. नुसत्या नेमबाजीत हा दोष खपून जातो, पुढे खपत नाही.

## ५. डिफिकल्टी आणि खेळण्याची पद्धत

रेडक्स सुरू करताना ‘स्पार्टन’ की ‘सर्व्हायव्हल’ असं विचारलं जातं. स्पार्टनमध्ये गोळ्या भरपूर, सर्व्हायव्हलमध्ये टंचाई. पहिल्या खेळीला सर्व्हायव्हल आणि नॉर्मल घ्या. ‘रेंजर’ ही अवघड पातळी आत्ता नको. त्यात पडद्यावरच्या खुणा जातात, आणि बटणं हातात बसण्याआधी खुणा गेल्या तर शिकायला काहीच उरत नाही.

## ६. ‘२०३३’: बोगद्यातली शिस्त

फिल्टर. घड्याळावर उरलेला वेळ दिसतो. जमिनीवर चढल्याबरोबर एकदा तो बघा आणि एकूण साठा मोजा. लोक इथं दोन टोकाच्या चुका करतात. काही जण घाबरून धावत सुटतात आणि कोपऱ्यात पडलेले फिल्टर मागेच राहतात. काही जण प्रत्येक कपाट उघडत बसतात आणि हातात असलेले फिल्टर जाळतात. मधला मार्ग असा: वाटेतलं प्रेत आणि वाटेतली खोली सोडायची नाही, वाट सोडून लांब जायचं नाही. श्वास जड व्हायला लागला की फिल्टर बदला. आतली हवा चांगली असेल तिथं मास्क काढून ठेवा.

सावधान: रेडक्समध्ये हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही, गेम स्वतःच्या चेकपॉइंटवर सेव्ह करतो. फिल्टर संपत आलेला असताना चेकपॉइंट लागला तर प्रत्येक वेळी त्याच अवस्थेत जिवंत होऊन गुदमरायची वेळ येते. असं दोन-तीनदा झालं तर डोकं आपटत बसू नका. मेनूतून तो अध्याय पहिल्यापासून सुरू करा. वीस मिनिटं जातील, पण वाट पाठ झालेली असल्यामुळे या वेळी फिल्टर उरतील.

गोळ्या. लष्करी गोळ्या हेच इथलं चलन. त्या बंदुकीत भरूनही झाडता येतात आणि नेमकं तेच नकळत घडतं. रीलोडचं बटण दाबून धरलं की गोळीचा प्रकार बदलतो. धावपळीत अंगठा तिथंच दाबून राहतो आणि पुढची अख्खी चकमक तुम्ही पैसे उडवत लढता. रीलोड टिचकीसारखं दाबायची सवय लावा, आणि चकमकीनंतर गोळ्यांचा आकडा बघा. मार्केट स्टेशनवरून बूर्बन नावाच्या सोबत्याबरोबर वर जमिनीवर, ‘डेड सिटी’त निघायचं असतं. तिथं खरेदीत फिल्टर आधी, बंदुकीचं सुटं सामान नंतर.

टॉर्च. उजेड पिवळट व्हायला लागला की चार्जर हातात घेऊन दांडी दाबत राहायची. भर गर्दीत चार्जर काढायची वेळ आली म्हणजे आधी केलेला आळस भोवला. दार उघडण्यापूर्वी चार्ज करायचं, एवढं लक्षात ठेवलं तर पुरतं.

माणसं आणि प्राणी. यांच्याशी लढायची पद्धत एक नाही. प्राण्यांसमोर लपण्यात अर्थ नाही. भिंतीला पाठ लावा, शॉटगन काढा आणि ते जवळ येईपर्यंत थांबा. माणसांच्या तळावर मात्र पहिलं काम दिव्यांचं. बल्ब हातानं फिरवून काढता येतो, तेलाचा कंदील विझवता येतो. पाठीमागून गेल्यावर ठार मारायचं की नुसतं बेशुद्ध करायचं हे तुमच्या हातात असतं. बेशुद्ध करा.

त्याचं कारण आहे. गेम तुमच्या वागण्याची गुपचूप नोंद ठेवतो आणि शेवट त्यावर ठरतो. भिकाऱ्याला गोळी दिली, कोणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, शरण आलेल्याला सोडलं, की पडदा क्षणभर उजळतो आणि कानाशी कुजबुज ऐकू येते. बस्स, एवढीच खूण. गजबजलेल्या जागी, स्पीकरवर खेळणाऱ्याला ती कधीच कळत नाही. स्टेशनवर बाकड्यावर बसलेल्या माणसाजवळ दोन मिनिटं उभं राहणं ‘वेळ घालवणं’ वाटत असेल, तर वाटू देऊ नका. तो खेळाचाच भाग आहे.

वाट चुकलात तर नकाशा शोधू नका. क्लिपबोर्ड काढा. त्यावर पुढचं काम लिहिलेलं असतं आणि होकायंत्र दिशा दाखवतं. अंधारात वाचायला लायटर पेटवा, पण लायटरचा उजेड दुसऱ्यांनाही दिसतो.

## ७. लायब्ररी: नजर हलू द्यायची नाही

इथपर्यंत आलेले बरेच जण इथं गेम सोडून देतात, म्हणून हा टप्पा वेगळा घेतला.

‘२०३३’मध्ये पुढे एक लायब्ररी लागते. तिच्यात जे मोठे प्राणी फिरतात त्यांना लायब्रेरियन म्हणतात. एकेकाला लोळवायला एवढ्या गोळ्या लागतात की पहिल्यावरच साठा संपतो. त्यांच्याशी लढायचं नसतं, त्यांच्याकडे बघायचं असतं.

१. पावलांचा जड आवाज आला की थांबा. धावू नका, गोळी झाडू नका.

२. तो समोर आला की दृश्याच्या बरोबर मध्यावर त्याचा चेहरा आणा. नंतर उजव्या स्टिकवरचा अंगठा उचला. जायरो अंगठ्याला बांधला असेल तर आता तुमचा हात कापला तरी नजर हलणार नाही.

३. तो जवळ येतो, अंगावर आल्यासारखा उभा राहतो. बघत राहा. फक्त डाव्या स्टिकनं, अगदी हळू, एकेक पाऊल मागे घ्या. शक्यतो पाठीशी भिंत येईल अशा बेतानं.

४. तो कंटाळून वळेपर्यंत नजर काढू नका. वळला की त्याच्या उलट दिशेनं, चालत जा.

पहिल्यांदा हे करताना मी यंत्र इतकं घट्ट धरलं होतं की बोटांना वळ उठले, आणि तरी मेलो, कारण जायरो सतत चालू ठेवलेला होता. श्वासाबरोबर हात हलत होता, हाताबरोबर नजर, आणि लायब्रेरियनच्या लेखी मी मान फिरवत होतो. चौथ्या टप्प्यावर अंगठा उचलण्याचा आणि डेडझोनचा एवढा आग्रह धरला तो यासाठी.

## ८. ‘लास्ट लाइट’: काय बदलतं

फार काही नाही. मास्कच्या काचेवर इथंही पाणी, चिखल, रक्त उडतं आणि ते हातानं पुसावं लागतं. छोट्या पडद्यावर दोन शिंतोडेही खूप जागा खातात, तेव्हा मागचं बटण इथं उपयोगी पडेल.

नवी गोष्ट म्हणजे कोळी. त्यांच्या कवचावर गोळ्या वाया जातात. टॉर्चचा झोत त्यांच्यावर धरून ठेवा. ते भाजल्यासारखे तडफडतात, उलटे पडतात, आणि मग पोट उघडं पडतं. गोळी तेव्हा घाला. कोळिष्टकं लायटरनं जळतात. कोळ्यांच्या जागेत शिरण्याआधी टॉर्च पूर्ण चार्ज नसेल तर आत जाऊ नका.

## ९. मध्येच खेळ थांबवायचा असेल तेव्हा

हँडहेल्ड म्हटलं की खेळ मध्येच थांबणार. रेडक्समध्ये मेनूतून बाहेर पडलात तर शेवटच्या चेकपॉइंटनंतरचं सगळं जातं. थोड्या वेळासाठी उठायचं असेल तर पॉवरचं बटण दाबून यंत्र झोपवा, गेम बंद करू नका. रात्रभरासाठी मात्र चेकपॉइंटची खूण दिसेपर्यंत खेळा आणि गेम पूर्ण बंद करा. झोपलेलं यंत्रही थोडी बॅटरी खातं, आणि ती संपली तर झोपवलेला खेळही गेला.

सावधान: तोच गेम संगणकावरही खेळत असाल तर डेकवर गेम पूर्ण बंद करा आणि सेव्ह क्लाउडवर चढेपर्यंत थांबा. नंतर ‘कोणती सेव्ह ठेवायची?’ असं विचारणारी चौकट आली तर घाईनं काहीही दाबू नका. तारीख आणि वेळ वाचा.

## १०. ‘एक्सोडस’: सवयी बदला

इथं चलन नाही, दुकानं नाहीत. धातू आणि रसायनं गोळा करायची आणि त्यातून हवं ते बनवायचं. पाठीवरच्या पिशवीत कुठंही फिल्टर आणि औषधपेटी बनवता येते. बंदुकीच्या साध्या गोळ्या मात्र कामाच्या टेबलावरच बनतात. टेबल दिसलं की आधी बंदुका साफ करा. मळलेली बंदूक ऐन वेळी अडकते. नवे खेळाडू रसायनं औषधपेट्यांवर उडवतात आणि सफाईला काही उरत नाही. अर्धी रसायनं सफाईसाठी बाजूला ठेवा.

तिखार ही हवेच्या दाबावर चालणारी बंदूक जपून वापरा. तिच्या गोळ्या पिशवीतच बनतात, आवाज जवळजवळ नाही. पण दाब उतरला की मार कमी होतो, म्हणून चकमकीआधी पंप करून घ्या.

मास्कच्या काचेला तडा गेला तर चिकटपट्टीनं बुजवता येतो. तडा वाढायची वाट बघू नका.

यात क्विकसेव्ह आहे, आणि तीच एक नवी चूक घडवते: लोक चकमकीच्या मधोमध सेव्ह करतात. तळावर शिरण्यापूर्वी, अंधारात, कोणाचंही लक्ष नसताना सेव्ह करा.

दिवस आणि रात्र यांतली निवडही तुमचीच. सुरक्षित जागी पलंग सापडला की झोपून वेळ बदलता येते. माणसांच्या तळावर रात्री जा, पहारा सैल असतो आणि सावल्या तुमच्या बाजूनं असतात. पण रात्री मोकळ्या मैदानात प्राणी जास्त हिंडतात, तेव्हा तळापर्यंतची वाट संध्याकाळीच कापून ठेवा. जवळच्या पडक्या घराच्या माथ्यावर दुर्बीण लावून बसा, पहारेकरी मोजा, दिवे मोजा, जनरेटर कुठं आहे ते शोधा, आणि अंधार पडल्यावर आधी जनरेटरकडे निघा.